चौघांचे गणित

आमच्या महाविद्यालयात गणित शिकवले जात नाही, आणि खरे सांगायचे तर मी कला शाखेकडे वळले त्यामागे मराठीच्या ओढीइतकेच हेही एक कारण होते. अशा मुलीने वार्षिकांकात गणिताच्या स्पर्धेवर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना हसू आल्याखेरीज राहणार नाही. पण ही स्पर्धा जरा निराळी आहे. स्पर्धेचे तोंडही न पाहिलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तीत उतरता येते. म्हणून हे धाडस.

गणिताची स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शिष्यवृत्तीची परीक्षा उभी राहते. एका बाकावर एक विद्यार्थी, आणि ‘शेजारी पाहू नका’ ही पर्यवेक्षकांची ताकीद. मोठ्या स्पर्धांतही तेच. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाले आणि १९९६ साली ते आपल्या मुंबईतही भरले होते. त्यात देशाचा संघ सहा जणांचा असतो खरा, पण पेपर प्रत्येकाने एकट्यानेच सोडवायचा असतो.

माझी मावशी इंग्लंडात लेस्टरला राहते. तिचा मुलगा ऑगस्टच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. आपल्या शाळेच्या संघातून तो ‘टीम मॅथ्स चॅलेंज’ नावाच्या स्पर्धेत उतरला होता, आणि तिचे वर्णन तो एखाद्या क्रिकेटच्या सामन्यासारखे रंगवून सांगत होता. ही स्पर्धा भरवणारा युनायटेड किंगडम मॅथेमॅटिक्स ट्रस्ट १९९६ साली स्थापन झाला. संघ चौघांचा. इंग्लंडमधील आठव्या व नवव्या वर्गातली, म्हणजे साधारण १२ ते १४ वर्षांची मुले त्यात घेतात. मात्र नवव्या वर्गातली दोघांपेक्षा अधिक चालत नाहीत. गणकयंत्राला बंदी. बोलायला मात्र बंदी नाही, आणि मला सर्वांत नवल वाटले ते याचेच!

स्पर्धेच्या मूळ आखणीत चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत चौघांपुढे दहा प्रश्न ठेवतात. ते कसे वाटून घ्यायचे ते त्यांनीच ठरवायचे. दुसरी फेरी अंककोड्याची. शब्दकोड्यासारखेच हे कोडे, फक्त चौकोनांत अक्षरांऐवजी अंक. गंमत अशी की आडवी सूत्रे एका जोडीकडे असतात आणि उभी दुसऱ्या जोडीकडे. समजा, आडवे सूत्र आहे ‘दोन अंकी घनसंख्या’. उत्तर २७ असेल किंवा ६४. नुसत्या विचाराने निवड होणे नाही. पण त्याच चौकोनातून खाली जाणारे सूत्र ‘पाच डझन आणि पाच’ असे असेल तर तेथे ६५ येते, पहिला अंक ६ ठरतो आणि ६४ आपोआप निश्चित होते. दोन्ही जोड्यांना एकमेकींशी चर्चा करता येत नाही. ‘अमुक सूत्र आधी सोडवा’ एवढीच विनंती करता येते. म्हणजे आपले कुठे अडले आहे हे नेमके ओळखून मागता आले पाहिजे.

चौथी फेरी पळापळीची. उत्तर घेऊन तपासनिसाकडे धावायचे आणि येताना दुसऱ्या जोडीसाठी पुढचा प्रश्न आणायचा. तिसरी फेरी ‘शटल’ची, म्हणजे धोट्याची. मागावरचा धोटा जसा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो तसे उत्तर एका जोडीकडून दुसरीकडे जाते. पहिला व तिसरा प्रश्न एकीकडे, दुसरा व चौथा दुसरीकडे. आणि मागचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढचा प्रश्न सुटत नाही.

या फेरीवर माझे मन बसले. डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही एका खेड्यात गेलो होतो. तेथील शाळेत एक दुपार सातवीच्या मुलांसाठी मिळाली, तेव्हा मी भीत भीत हाच खेळ मांडला. प्रश्न मीच तयार केले होते, ते असे :

१. एका आयताची लांबी ८ मीटर व रुंदी ५ मीटर आहे. परिमिती किती मीटर?
२. आलेल्या उत्तरातून २ वजा करा. उरलेल्या संख्येचे एकूण विभाजक किती?
३. आलेल्या उत्तराइतक्या बाजू असलेल्या बहुभुजाकृतीला कर्ण किती?
४. एका वहीची किंमत आलेल्या उत्तराइतके रुपये आहे. शेकडा १५ सूट मिळाल्यास ती केवढ्याला पडेल?

वाचकांनी सोडवून पाहावे. परिमिती २६, त्यातून २ गेले की २४, त्याचे विभाजक ८, अष्टकोनाचे कर्ण २०, आणि २० रुपयांची वही १७ रुपयांना.

एका संघात पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्या मुलाने ८ आणि ५ यांचा गुणाकार केला आणि ४० ही चिठ्ठी पुढे पाठवली. ३८ चे विभाजक ४. चौकोनाचे कर्ण २. पुढे प्रत्येकाने आपले काम चोख केले होते. चूक मात्र शांतपणे सर्वांच्या हातून प्रवास करीत होती. चौथा प्रश्न ज्या मुलीकडे होता ती तोवर एक अक्षरही बोलली नव्हती. तिने चिठ्ठी पाहिली, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “ताई, दोन रुपयाला वही कुठं मिळती?”

सारा वर्ग हसला. पण हे हसणे तिला नव्हते. वहीच्या किमतीला होते. शंका आल्यास चिठ्ठी माघारी धाडावी, अशी मुभा आम्ही आमच्या खेळात ठेवली होती. चिठ्ठी मागे मागे जात पहिल्या मुलापर्यंत पोचली. तो म्हणाला, “अरे, मी क्षेत्रफळ काढलं!” त्याने ४० खोडून २६ लिहिले आणि चिठ्ठी पुन्हा धावत सुटली.

ही चूक माझ्या ओळखीची होती. सातवीत असताना फळ्यापाशी उभी राहून मीही परिमितीच्या जागी क्षेत्रफळ काढले होते. तेव्हाही वर्ग हसला होता, पण तो मला. त्यानंतर गणिताच्या तासाला मी हात वर केल्याचे आठवत नाही. चूक तीच, मात्र मी फळ्यापुढे एकटी होते आणि या मुलाची चूक चौघांत वाटली गेली. ती दुरुस्त करणे हे साऱ्या संघाच्या हिताचे होते, आणि ती प्रथम दिसली ती सर्वांत अबोल मुलीला. तिला कर्णांचे सूत्र येत नव्हते, पण बाजारहाट ठाऊक होता.

अमेरिकेत १९८३ साली सुरू झालेल्या ‘मॅथकाउंट्स’ या स्पर्धेत एकेकट्याच्या फेऱ्यांबरोबर चौघांची एक फेरी असते : दहा प्रश्न, वीस मिनिटे. वेळेचा हा हिशेब पाहिला तरी ध्यानात येते, की कामाची वाटणी आणि सोबत्यावरचा विश्वास यांवाचून निभाव लागायचा नाही. एकट्याने झुंजण्याच्या परीक्षाही हव्यात, हे मला मान्य आहे. चौघांच्या गर्दीत एखादा हुशार मुलगा सगळे ओढून नेतो आणि बाकीचे बघत बसतात, हा धोकाही खरा आहे. जोड्या पाडणे, सूत्रे वाटून देणे या नियमांचा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

या स्पर्धेला खर्च म्हणाल तर चार पेन्सिली, काही चिठ्ठ्या आणि एक शिटी. आपल्या आसपासच्या शाळांत एखाद्या शनिवारी कोणीही ती मांडू शकेल. त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही, याचा पुरावा प्रस्तुत लेखिका स्वतःच आहे. निघताना त्या मुलीने मला विचारले, “ताई, पुढच्या वर्षी येणार ना?” मी हो म्हटले आहे. आता आणखी प्रश्न तयार करायचे, तर मला पुन्हा गणिताचे पुस्तक उघडावे लागेल. सातवीचे.