कोषावृत मृदुफळे : रूप एक, द्रव्ये अनेक

फूल गळून गेल्यावर बहुतेक वनस्पतींचा संवर्त सुकतो अथवा आहे तेवढाच राहतो. कंटकारीकुलातील काही वनस्पतींत मात्र तो फळाबरोबर वाढतो आणि कागदी कंदिलाप्रमाणे फळास सर्व बाजूंनी वेढतो. अशी फळे दिसण्यात जवळची, परंतु गुणकर्मांत भिन्न आहेत. वाळलेल्या अवस्थेत व व्यावहारिक नावांच्या गोंधळात त्यांची अदलाबदल सहज घडू शकते. म्हणून वैद्य व औषधालयचालक या दोघांसाठी हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

चिरबोटी (फायसॅलिस मिनिमा) पावसाळ्यात शेताच्या बांधावर तणासारखी उगवते. निघंटूंतील टंकारी ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. भावप्रकाशात टंकारी तिक्त, लघु, दीपन व वातकफहर सांगितली आहे. पिकलेले पिवळे फळ ग्रामीण भागात मुले आवडीने खातात.

रसभरी (फायसॅलिस पेरुव्हियाना) मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील आहे. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या केप प्रांतात तिची लागवड झाली व त्यावरून ‘केप गूसबेरी’ हे नाव रूढ झाले. पिकल्यावर फळ सोनेरी-केशरी होते. ते ताजे खातात, तसेच त्याचा मुरंबा व जॅम करतात.

काकनज (अल्केकेंजी ऑफिसिनॅरम) हे युनानी चिकित्सेतील मूत्रल द्रव्य होय. याचा कोष व फळ दोन्ही लालभडक असतात. मेक्सिकोतील टोमॅटिलो मात्र भाजीचे फळ आहे. ते वाढताना कोष भरून टाकते व पुष्कळदा फाडतेही. तेथे ते हिरवेच शिजवून चटणीत वापरतात.

विथानिया प्रजातीच्या दोन वनस्पतींची फळेही अशीच कोषात असतात. अश्वगंधेचे फळ वाटाण्याएवढे व लाल असते, परंतु औषधात मूळ घ्यावयाचे. पानांचा वापर करू नये, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये दिली आहे. ऋष्यगंधेचे फळ बाजारात ‘पनीर फूल’ म्हणून विकले जाते. नाव फुलाचे असले तरी द्रव्य फळच आहे. त्याच्या योगाने दूध गोठते, त्यावरून हे नाव पडले.

ताजी वनस्पती ओळखण्याची एक सोपी खूण आहे. चिरबोटी व रसभरीची फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात, तर विथानियाची झुपक्याने येतात.

पोषणमूल्य : रसभरीच्या १०० ग्रॅम ताज्या फळात सुमारे ५३ किलोकॅलरी, ८५ ग्रॅम पाणी, ११ ग्रॅम कर्बोदके, १.९ ग्रॅम प्रथिने, २.८ मिलिग्रॅम नायसिन व ११ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. आवळ्यासही इंग्रजीत ‘इंडियन गूसबेरी’ म्हणतात. त्यामुळे आवळ्याची कीर्ती रसभरीस चिकटण्याचा संभव असतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत आवळा तिच्याहून कितीतरी पटींनी सरस आहे. रुग्णास आवळा सांगावयाचा असेल, तर ‘आवळा’ असेच लिहावे.

दक्षता : या फळांचा कोष खाऊ नये. रसभरी व चिरबोटीची कच्ची फळे वर्ज्य समजावीत. रसभरी कोषासह कोरड्या जागी ठेवल्यास कित्येक आठवडे टिकते, म्हणून कोष विक्रीपूर्वी काढू नये. पनीर फूल प्रमेहात वापरले जाते. रुग्ण आधीच रक्तशर्करा उतरविणारी औषधे घेत असेल, तर शर्करा प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका असतो. अशा रुग्णास ते वैद्याच्या देखरेखीवाचून देऊ नये.

आमचा आग्रह एवढाच की, औषधालयांनी मागणीपत्रात व बिलावर केवळ व्यावहारिक नाव न लिहिता वनस्पतीशास्त्रीय नाव व प्रयोज्यांगही लिहावे. माल आल्यावर काही कोष फोडून आतील फळ, त्याचा रंग व बीज पाहावे, आणि संशय असल्यास तज्ज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी. द्रव्याची ओळख चुकली, तर पुढील मात्रा, अनुपान व पथ्य कितीही अचूक असले तरी रुग्णाच्या हाती भलतेच औषध पडते.