गावचा पोलीस पाटील

मंडळी, पाटील म्हटले की घाटावरच्या माणसाला वाडा, फेटा आणि भरदार मिशा आठवतात. आपल्या रत्नागिरीकडे चित्र निराळे. इथे गावोगावचा वसूल खोताच्या हाती होता, म्हणून बोलबालाही खोताचाच. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पण गावात एक पाटील राहिला, तो पोलीस पाटील. हा कोण, त्याने काय करायचे, आणि आपण त्याच्याकडे केव्हा जायचे, हे आज समजून घेऊ या.

इंग्रजी अमदानीत १८६७ साली मुंबई इलाख्यासाठी गावपोलिसांचा कायदा झाला. जिल्ह्याचे पोलीस दल वेगळे आणि गावचा बंदोबस्त वेगळा, असा तो हिशेब. त्या काळी पाटीलकी बहुतेक ठिकाणी वतनाची, बापामागून मुलाकडे जायची. माणूस लायक असो वा नसो, घराणे ठरलेले! स्वराज्य आल्यावर हे बदलले. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले, आणि १९६७ साली महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम आला. आता प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, परीक्षा घेऊन पोलीस पाटील नेमतात. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, दहावी उत्तीर्ण, २५ ते ४५ वयाचा असावा लागतो. बायकांसाठी जागा राखीव असतात. २०२४ साली सरकारने मानधन दरमहा १५,००० रुपये केले. शेती किंवा गावातला छोटा व्यवसाय त्याला सांभाळता येतो.

आता काम कोणते? मुख्य काम एकच : वर्दी देणे. गावात गुन्हा घडला, कोणी अकस्मात मेला, ओढ्यात प्रेत सापडले, दंगा होण्याची चिन्हे दिसली, की ताबडतोब ठाण्याला कळवायचे. गावच्या आरोग्याची आणि एकंदर परिस्थितीची माहिती दंडाधिकाऱ्याला द्यायची. पोलीस तपासाला आले की मदत करायची. आपल्याकडे एका गावाच्या वाड्या डोंगरात चार दिशांना विखुरलेल्या. ठाणे कोसावर, पावसात रस्ता बंद. २०१९ च्या २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले आणि खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळली. अशा वेळी वाडीतून तालुक्याला पहिली खबर किती लवकर पोचते, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

पण एक ध्यानात ठेवा. पोलीस पाटील न्यायाधीश नाही. भांडण समजुतीने मिटत असेल तर त्याने जरूर चार शब्द सांगावेत. पण गुन्हा झाला असता "आपसात मिटवून टाका" असे म्हणून तो दाबण्याचा अधिकार त्याला नाही. उलट, कळवण्याला तो कायद्याने बांधलेला आहे. आणि तुम्हाला थेट ठाण्यात जायचे असेल, तर आधी पाटलाची परवानगी लागत नाही.

खरी कसोटी लागते ती गावकीपुढे. आपली गावकी चांगली कामे करते. देऊळ दुरुस्त करते, पाखाडी बांधते, मयताला खांदा देते. पण तीच गावकी एखाद्या घरावर रुसली, शिमग्यात पालखीच्या मानावरून वाद झाला, की त्या घराशी बोलणे बंद, विहीर बंद, पालखी दारात जायची बंद. यालाच वाळीत टाकणे म्हणतात. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो २०१७ पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आता पाटील त्याच वाडीतला, त्याच बैठकीला बसणारा. त्याने वर्दी दिली तर उद्या त्याच्यावरही लोक रुसतील. आणि तो गप्प राहिला, तर त्या घराची हाक ठाण्यापर्यंत न्यायची कोणी?

कोणी म्हणेल, सरपंचासारखा पोलीस पाटीलही मते देऊन का निवडू नये? अमेरिकेत परगण्याचा बंदोबस्त पाहणारा शेरीफ मतांनीच निवडतात. पण लहान गावात कोणी कोणाला मत दिले, हे चार दिवसांत फुटते. ज्याच्या मतांवर निवडून यायचे, त्याच्याविरुद्ध वर्दी देणे फार कठीण. नेमलेल्या माणसाला निदान ती अडचण नाही.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला गावच्या पोलीस पाटलांना शाळेत बोलवा. वर्दी कशी द्यावी हे मुलांना शिकवा : काय घडले, कुठे, केव्हा, कोणी पाहिले. ऐकीव तेवढे ऐकीव म्हणून सांगायचे, आणि मयताच्या जागी काही हलवायचे नाही. जवळच्या ठाण्याचा दूरध्वनी आणि ११२ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि गावकऱ्यांनो, आपल्या पोलीस पाटलाने खरी वर्दी दिली म्हणून त्याच्याशी अबोला धरू नका. आज ती दुसऱ्याच्या घरासाठी दिली असेल, उद्या तुमच्या घरासाठी द्यावी लागेल. त्याचे नाव ठाऊक नसेल, तर आजच विचारून घ्या.