बांधाखालून तेल, बांधावर वाद
अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तेरा वर्षे चालवलेला पाइपलाइनचा झगडा आपल्याला काय सांगतो?

शेतातून पाइपलाइन जाणार अशी कुणकुण लागली की गावात पारावर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "जमीन कुठे चाललीय? नळी खाली, पीक वर. मिळतील ते पैसे घ्या नि मोकळे व्हा." दुसरा म्हणतो, "एकदा सही दिली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत कंपनीचे नाव बसले. उद्या विहीर खणायची तर कुणाला विचारायचे?" दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

नेमका हाच वाद अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, मक्याच्या आणि गुराढोरांच्या मुलखात, तेरा वर्षे चालला. २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये मिटला. पाइपलाइनचे नाव होते 'कीस्टोन एक्सएल'. तीन राष्ट्राध्यक्ष, दोन देशांची सरकारे, न्यायालये, कामगार संघटना आणि आदिवासी जमाती या वादात उतरल्या. पण सुरुवात झाली ती शेतकऱ्याच्या बांधावरून. म्हणून ही हकिकत तुम्ही सवडीने वाचावी.

योजना काय होती?

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात वाळूत मिसळलेले डांबरी तेल सापडते. ते काकवीपेक्षाही दाट असते. नळीतून वाहावे म्हणून त्यात पातळ तेल मिसळावे लागते. हे तेल अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शुद्धीकरण कारखान्यांपर्यंत न्यायचे, असा ट्रान्सकॅनडा कंपनीचा बेत होता. या कंपनीने २०१९ मध्ये टीसी एनर्जी हे नाव घेतले. तिची 'कीस्टोन' नावाची पहिली पाइपलाइन २०१० मध्ये चालू झाली होतीच. 'एक्सएल' ही तिची जवळच्या वाटेने जाणारी नवी जोडनळी.

कॅनडातल्या हार्डिस्टीपासून नेब्रास्कातल्या स्टील सिटीपर्यंत सुमारे १,९०० किलोमीटर लांबी. म्हणजे आपली रेल्वे मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाते, जवळपास तेवढे अंतर. नळीचा व्यास ३६ इंच. रोजचे तेल ८ लाख ३० हजार बॅरल, म्हणजे सुमारे १३ कोटी लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावात बारा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तसे अकरा हजार टँकर रोज भरतील एवढे.

देशाच्या आतल्या पाइपलाइनला तिथे राष्ट्राध्यक्षांची परवानगी लागत नाही. ही मात्र सरहद्द ओलांडणारी होती. त्यामुळे 'ही पाइपलाइन देशाच्या हिताची आहे' असा निर्णय वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्यातून यावा लागणार होता. वादाला तेरा वर्षे लागली त्याचे एक कारण या परवानगीत आहे.

शेतकरी का बिथरला?

आता तुम्ही म्हणाल, तिथला शेतकरी तर मोठा, यंत्रांवर शेती करणारा. ट्रॅक्टरला डिझेल लागतेच, मग तेलाला विरोध कशाला? बरोबर आहे. विरोध करणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तेलाला विरोध नव्हताच. त्यांचे भांडण पाण्यावरून होते.

नेब्रास्काच्या पोटात ओगलाला नावाचा भूजलाचा प्रचंड साठा आहे. तो आठ राज्यांखाली पसरला आहे. अमेरिकेत सिंचनासाठी जेवढे भूजल उपसले जाते, त्यातले सुमारे ३० टक्के एकट्या या साठ्यातून येते. नेब्रास्कात 'सँडहिल्स' म्हणून वाळूच्या टेकड्यांचा भाग आहे. वर गवत, त्यावर गुरे चरतात, खाली वाळू आणि वाळूत हाताशी पाणी. काही ठिकाणी खड्डा खणला की पाणी दिसते. नळीची पहिली आखणी नेमकी या भागातून गेली होती. जिथे पाणी इतके वर आहे तिथे चार फुटांवर पुरलेली तेलाची नळी फुटली तर काय, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता.

ही भीती हवेतली नव्हती. जुलै २०१० मध्ये मिशिगन राज्यात दुसऱ्याच एका कंपनीची पाइपलाइन फुटली आणि असेच डांबरी तेल कालामाझू नदीत गेले. नळी फुटल्याचे कंपनीच्या ध्यानात यायला सतरा तास लागले. साधे तेल पाण्यावर तरंगते, ते काढता येते. या तेलातला पातळ भाग उडून गेला आणि दाट भाग तळाशी बसला. सफाईचा खर्च शंभर कोटी डॉलरच्या वर गेला.

दुसरी तक्रार हक्काची होती. कंपनी जमीन विकत घेत नव्हती, वापराचा कायमचा हक्क घेत होती. बांधकामाच्या वेळी ११० फुटांचा पट्टा, नंतर ५० फुटांचा कायम. पैसे एकदाच, हक्क मात्र पिढ्यानपिढ्या. जो देणार नाही त्याच्यावर सक्तीच्या संपादनाचा बडगा. परक्या देशातली खासगी कंपनी माझ्या आजोबांच्या जमिनीवर सक्ती कशी करते, हा सवाल तिथल्या माणसाला फार झोंबला.

दुसरी बाजूही ऐका

वादाची एकच बाजू ऐकून पंचाने निवाडा देऊ नये. पाइपलाइन व्हावी म्हणणारेही काही थोडेथोडके नव्हते. बहुतेक जमीनमालकांनी वाटाघाटी करून सह्या केल्या होत्या. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला एकरकमी पैसे म्हणजे मोठा आधार. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढा कारभार. त्यांना नळीवरचा मालमत्ता कर हवा होता. कामगार संघटनांना रोजगार हवा होता.

रोजगाराचे आकडे मात्र नीट वाचावे लागतात. परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या अहवालात बांधकामाच्या काळात आडूनपाडून मिळून ४२ हजार रोजगारांना आधार मिळेल असे म्हटले होते. त्याच अहवालात पाइपलाइन चालू झाल्यावरचे कायम रोजगार किती होते? सुमारे ५०. समर्थक पहिला आकडा सांगत, विरोधक दुसरा. दोन्ही आकडे खरेच होते.

समर्थकांचा आणखी एक मुद्दा वजनदार होता. नळी नाही टाकली तर तेल थांबेल का? ते रेल्वेने जाईल. ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावात कच्च्या तेलाची मालगाडी उलटून पेटली आणि ४७ माणसे गेली. त्यानंतर 'रेल्वेपेक्षा नळी बरी' हे म्हणणे कुणालाच उडवून लावता आले नाही. हवामानाची काळजी करणारे म्हणत होते की हे तेल काढायलाच जास्त कोळसावायू हवेत जातो, तेव्हा त्याला नवी वाट करून देऊच नये. पर्यावरणवाद्यांचा भर या मुद्द्यावर होता, शेतकऱ्यांचा भर पाण्यावर आणि जमिनीच्या हक्कावर. पुढे दोघे एकत्र आले.

मार्ग बदलला, कारण शेतकरी बोलला

या झगड्यातला पहिला विजय वॉशिंग्टनमध्ये मिळाला नाही, तो नेब्रास्कातच मिळाला. राज्याचे गव्हर्नर डेव्ह हाइनमन रिपब्लिकन पक्षाचे, पाइपलाइनच्या बाजूचे. तरी ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामांना पत्र लिहिले, की पाइपलाइनला माझी ना नाही, पण ओगलाला साठ्यावरून जाणारा हा मार्ग नको. आपल्याच पक्षाचा शेतकरी समोर उभा राहिला की पुढाऱ्याला ऐकावे लागते. नोव्हेंबरमध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन भरले आणि कंपनीने सँडहिल्समधून नळी वळवायचे कबूल केले.

२०१२ मध्ये नवा कायदा आला. मार्ग मंजूर करण्याचा अधिकार थेट गव्हर्नरकडे गेला, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी नवा मार्ग मंजूरही केला. तीन जमीनमालक न्यायालयात गेले. जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायाधीशांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. पण कायदा रद्द करायला तिथे पाच मते लागतात. एका मताने कायदा वाचला! लगेच कंपनीने सही न करणाऱ्या सुमारे ९० जमीनमालकांविरुद्ध सक्तीच्या संपादनाचे दावे लावले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते मागेही घेतले.

इकडे वेगळीच माणसे जवळ येत होती. गोऱ्या शेतकऱ्यांनी आणि मूळच्या आदिवासी जमातींनी मिळून 'काउबॉय-इंडियन' आघाडी केली. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये घोड्यांवरून फेरी काढली आणि तंबू ठोकले. नेली गावाजवळच्या एका शेतकरी दाम्पत्याच्या रानात, नळीच्या आखणीवर, पोंका जमातीचा पारंपरिक मका पेरला गेला. याच पोंकांना १८७७ मध्ये या मुलखातून हुसकून लावले होते. २०१८ मध्ये त्या दाम्पत्याने तेवढा तुकडा रीतसर जमातीच्या नावे करून दिला.

दिल्लीसारखेच वॉशिंग्टन

पुढचा प्रवास म्हणजे पाळण्याचा झोका. नोव्हेंबर २०१५ मध्ये ओबामांनी परवानगी नाकारली. मार्च २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या सरकारने ती दिली. मग मार्गाची सुनावणी नेब्रास्काच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढे झाली. गावकारभाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट इथे आहे. पाइपलाइनच्या सुरक्षिततेचा विषय केंद्राचा, म्हणून गळतीच्या धोक्याचा विचार करण्याची आयोगाला कायद्यानेच मनाई होती. शेतकऱ्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती, तेच सुनावणीत बोलायचे नाही!

आणि १६ नोव्हेंबर २०१७ रोजी, निकालाच्या चार दिवस आधी, जुनी कीस्टोन पाइपलाइन साउथ डकोटात अॅम्हर्स्टजवळ रानात फुटली. आधी ५ हजार बॅरल गळती सांगितली गेली, नंतर आकडा जवळजवळ दुप्पट निघाला. तरी २० नोव्हेंबरला आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी मंजुरी दिली. तीही कंपनीच्या पसंतीच्या मार्गाला नव्हे, बाजूच्या पर्यायी मार्गाला.

२०१८ मध्ये मोंटानातल्या केंद्रीय न्यायालयाने काम अडवले. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी नवी परवानगी दिली. २०२० मध्ये सरहद्दीवर दोनेक किलोमीटरचा तुकडा टाकून झाला. २० जानेवारी २०२१ रोजी बायडेन यांनी पहिल्याच दिवशी परवानगी रद्द केली आणि ९ जून २०२१ रोजी कंपनीने योजना गुंडाळली. या धंद्यात पैसा घातलेल्या अल्बर्टा सरकारचे, म्हणजे तिथल्या करदात्यांचे, सुमारे १३० कोटी कॅनेडियन डॉलर बुडाले.

योजना रद्द झाली म्हणून सगळे खूश झाले असे समजू नका. वाटेवरच्या छोट्या गावांनी मजूर येतील, खानावळी चालतील म्हणून आस धरली होती, ती मोडली. ज्यांनी लढा दिला त्यांचीही तेरा वर्षे गेली. जमीन विकावी की ठेवावी, त्या पट्ट्यात काही करावे की नाही, याची टांगती तलवार डोक्यावर होतीच. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये जुनी कीस्टोन कॅन्सस राज्यात पुन्हा फुटली आणि सुमारे १३ हजार बॅरल तेल बाहेर पडून ओढ्यात गेले, तेव्हा शेतकऱ्यांचा प्रश्न अनाठायी नव्हता हे दिसून आले.

आपल्याकडे किती दिवस मिळतात?

तिकडचे राहू द्या. आपल्या रानातून तेलाची किंवा गॅसची नळी जायची असेल तर आपल्याकडे १९६२ चा केंद्राचा पेट्रोलियम पाइपलाइन कायदा लागू होतो. त्यातल्या चार गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा.

एक, जमीन तुमचीच राहते, कंपनीला मिळतो तो वापराचा हक्क. त्या पट्ट्यात पीक घेता येते, पण घर बांधता येत नाही, विहीर, तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. म्हणजे उद्या आंबा किंवा डाळिंब लावायचे मनात असेल तर आजच विचार करा.

दोन, राहत्या जागेखालून, पक्क्या बांधकामाखालून आणि घरालगतच्या आवारातून नळी नेता येत नाही. नळी एक मीटरपेक्षा उथळ टाकता येत नाही.

तीन, पीक, झाडे, बांध यांचे जे नुकसान होईल त्याची भरपाई वेगळी. त्याशिवाय हक्काचा मोबदला म्हणून बाजारभावाच्या १० टक्के रक्कम कायद्यात आहे. भाव धरला जातो तो पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यावी लागते. त्यावर म्हणणे मांडण्याची संधी मिळते, स्वतः किंवा वकिलामार्फत.

नेब्रास्काच्या शेतकऱ्याला तेरा वर्षे मिळाली. तुम्हाला मिळतात एकवीस दिवस. त्यातले दहा दिवस गॅझेट तलाठी कार्यालयात पडून राहिले आणि पाच दिवस गावात नुसती चर्चा झाली, तर उरते काय?

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी मंडळींना विनंती, की अशी अधिसूचना आली की दवंडी द्या, फलकावर गट नंबर लावा, ग्रामसभा बोलवा. गावच्या विहिरी, बोअर, पाझर तलाव आखणीपासून किती अंतरावर आहेत त्याचा नकाशा करा आणि तो हरकतीला जोडा. शेतकऱ्यांनो, 'नळी नको' एवढेच लिहून देऊ नका. 'माझ्या विहिरीपासून नळी इतक्या फुटांवर येते, ती त्या बांधाकडून न्यावी' असे लिहा. नेब्रास्कात मार्ग हलला तो अशाच बोलण्याने. नळी फुटली तर कुणाला कळवायचे, किती वेळात माणूस येणार आणि पाणी नासले तर प्यायचे पाणी कोण पुरवणार, हे सही करण्याआधी विचारून घ्या आणि लेखी घ्या.

तेल देशाला लागते, गॅसही लागतो, आणि नळी कुणाच्या तरी रानातूनच जाणार. ती तुमच्या रानातून जाणार असेल तर कागद आधी वाचा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या आणि सही सगळ्यात शेवटी करा.