फ्रीझरमध्ये बर्फच बर्फ, ट्रेमध्ये मात्र पाणी!

दुपारचे दोन. पुण्यातला मे महिना, टॉप फ्लोअरचा भाड्याचा फ्लॅट आणि गरम हवा फेकणारा पंखा. तुम्ही घामाघूम होऊन घरी येता, पन्हं करायला घेता, फ्रीझर उघडता, तर आइस ट्रेमध्ये पाणी. काल रात्री भरलेलं. गार आहे, पण पाणीच!

आमच्याकडे हे सलग चार दिवस झालं. गंमत म्हणजे फ्रीझरच्या भिंतींवर दोन बोटं जाड बर्फ होता. ट्रे जेमतेम आत सरकायचा. बर्फाच्या गुहेत ठेवलेलं पाणी गोठत नाही, हे काय लॉजिक आहे?

आमचा फ्रीज सिंगल डोअर, सीनिअर्सकडून साडेचार हजारांना घेतलेला. एका मेकॅनिकला फोन केला, तर त्याने न बघताच सांगून टाकलं, "गॅस गेलाय, 2,800 लागतील." चौघांत भागून प्रत्येकी 700, तेही महिनाअखेरीला. मग आमच्यातल्या एकाने स्वतःच ऑपरेशन करायचं ठरवलं आणि किचनमधली सुरी उचलली.

तुम्हीही उचलली असेल, तर आधी खाली ठेवा. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीझरची भिंत हीच गार करणारी यंत्रणा असते. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातच गॅस फिरणाऱ्या नळ्या असतात. सुरीचं टोक एकदा आत गेलं की 'सुस्स' असा आवाज येतो आणि मग खरोखरच गॅस जातो. फ्रीजच्या मागचं स्टिकर वाचा. त्यावर आर600ए लिहिलं असेल, तर तो आयसोब्युटेन. एलपीजीचा चुलतभाऊच म्हणा, पेट घेणारा. असा आवाज आलाच तर खिडक्या उघडायच्या, गॅसची शेगडी लावायची नाही आणि कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही.

आता त्या 'गॅस गेलाय'बद्दल. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. त्यामुळे गळती न शोधता कुणी नुसता गॅस भरून देत असेल, तर तुमचे पैसे काही दिवसांनी पुन्हा हवेत जाणार, अक्षरशः.

मग आमच्या ट्रेचं काय झालं होतं? भिंतीवरचा तो भुसभुशीत बर्फ म्हणजे चक्क स्वेटर. त्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे ट्रेमधली उष्णता भिंतीपर्यंत पोचतच नाही. आणि बर्फ करणं हे तसं दमवणारं काम आहे. 30 अंशांचं पाणी 0 अंशांवर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त उष्णता त्याच 0 अंशांच्या पाण्याचा बर्फ करताना काढावी लागते. म्हणून पाणी पटकन गार होतं आणि तिथेच अडून बसतं. बारावीचं फिजिक्स असं किचनमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं.

उपाय एकदम बोअरिंग आहे. नॉबच्या मधोमध असलेलं डीफ्रॉस्टचं बटण दाबा. थर फारच जाड असेल, तर सरळ प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा आणि फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा. घाई करू नका. आम्हाला तीन तास लागले. दूध शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं, ते परत आणताना सोबत चार आंबेही मिळाले! बर्फ सुटला की तुकडे हाताने निघतात. मागचा पाणी साठणारा ट्रे ओतायला विसरू नका, आम्ही विसरलो आणि रात्री किचनमध्ये तळं झालं.

एवढ्यावर थांबलात, तर पंधरा दिवसांत गुहा पुन्हा तयार. कारण बाहेरची दमट हवा आत शिरतेय. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली, तर तिथे फट आहे. आमच्या रबरात सीनिअर्सच्या काळातला चिकट सॉस होता. कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं आणि नोट घट्ट बसली. रबर फाटलं असेल, तर मात्र बदलावंच लागतं. शिवाय, गरम भात झाकण न लावता आत ठेवणाऱ्या पार्टनरला समज द्या.

फ्रीज पुन्हा सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी फ्रीझर नीट बघा, इथेच खरं निदान होतं. सगळीकडे सारखं पातळ दव धरलं असेल, तर गॅस ठीक आहे. कॉम्प्रेसर सतत चालतोय, पण एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी भिंत कोरडी, तर गॅस कमी असल्याची शंका घ्या. कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर आधी डीफ्रॉस्टचं बटण आत अडकलंय का ते बघा. नसेल अडकलं, तर पुढचं काम मेकॅनिकचं. तेव्हा बोलवा, पण 'गळती कुठे आहे?' हे विचारूनच पैसे द्या.

घरी आपोआप बर्फ पाडणारा मोठा फ्रीज असेल, तर लफडं वेगळं. तिथे आधी आइस मेकर चुकून बंद तर केला नाही ना, पाण्याचा नळ उघडा आहे का आणि फिल्टर तुंबलाय का, एवढं बघा. पाणी आणणारी बारीक नळी गोठली असेल, तरी बर्फ पडत नाही.

आमचा एकूण खर्च शून्य रुपये. त्या रात्री दहाला भरलेला ट्रे सकाळी दगडासारखा होता. दुपारी मी उत्साहात फ्रीझर उघडला, तर ट्रे रिकामा. सगळा बर्फ काढून, पाणी न भरता तसाच परत ठेवलेला. हा बिघाड कसा दुरुस्त करायचा ते कळलं, तर मलाही सांगा.