न दिसणारा कण खरा कसा मानायचा?

सुरुवात एका मुलीच्या प्रश्नापासून करू. शहापूर-मुरबाडच्या शाळांत आम्ही नववी-दहावीच्या मुलांशी मूलकणांवर बोलायला जातो. एकदा फळ्यावर इलेक्ट्रॉन, क्वार्क असं लिहीत होतो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, भूत दिसत नाही म्हणून मानू नका म्हणता. मग हे कण तुम्ही पाहिलेत का?"

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. इतका नेमका प्रश्न क्वचितच आला.

कौलांतून येणाऱ्या कवडशात धुळीचे कण तरंगतात. न्याय-वैशेषिकांनी तर्क केला: वस्तूचे भाग पाडणं कुठेतरी थांबलंच पाहिजे; कवडशातल्या कणाचा सहावा भाग तो परमाणू. तर्क सुंदर, पण पडताळायची सोय नव्हती. म्हणून 'हे सारं आपल्याकडे आधीच होतं' असं आम्ही मुलांना सांगत नाही.

आता म्युऑन घ्या. अवकाशातले विश्वकिरण वातावरणावर आदळले, की साधारण १५ किलोमीटर उंचीवर तो जन्मतो. सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. आपल्या माहुलीच्या उंचीइतकंही नाही! तरी आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला एक-दोन म्युऑन आरपार जातात. कसे?

वेगानं धावणाऱ्याचं घड्याळ आपल्या लेखी मंद चालतं, हे आइन्स्टाइननं १९०५ साली मांडलं. विश्वकिरणांतल्या अशा अल्पायुषी कणांवरून ते पडताळता येईल, हे होमी भाभांनी १९३८ साली सुचवलं. १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेत डोंगरावर आणि खाली म्युऑन मोजले. हिशेब जुळला.

मग आम्ही काचेच्या बरणीत अल्कोहोलची वाफ केली, तळाशी कोरडा बर्फ ठेवला, दिवे मालवून टॉर्च लावला. पांढरी बारीक रेघ उमटली, विरली. एक मुलगा म्हणाला, "हा तर माग झाला, सर. डुकराचा असतो तसा."

अगदी बरोबर! डूकर दिसलं नाही तरी मागावरून ते कुठे गेलं ते कळतं. आणि तिथे ते सापडलं नाही, तर आपलं चुकलं हेही कळतं. त्या मुलीला आमचं उत्तर हेच: न दिसणं हा भुताचा दोष नाही, बाळ. भूत मानणारा आपण कधी चुकू हे आधी सांगत नाही. म्युऑन मानणाऱ्यानं आकडा आधी सांगितला. तो चुकला असता, तर आम्ही फळा पुसला असता.