कृष्णविवरातील गणती

ज्वारीचे पेव बीदर-कलबुर्गीकडील वाचकास सांगावयास नको. पेवाची लांबी, रुंदी व खोली ही तिन्ही दुप्पट केली, तर त्यात आठपट धान्य मावते. मात्र भिंतींचे क्षेत्र चौपटच होते. धान्य किती मावेल हे घनफळ ठरविते, भिंत नव्हे. निसर्गात एक वस्तू मात्र अशी आहे की जिचा हिशेब भिंतीवरूनच करावा लागतो. ती वस्तू म्हणजे कृष्णविवर.

हे प्रथम सुचले जेकब बेकेन्स्टाइन यास, १९७२ च्या सुमारास. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वस्तूच्या आत कणांच्या किती निरनिराळ्या रचना दडलेल्या असू शकतात, याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असली पाहिजे, असे त्याने मांडले. १९७४ साली स्टीफन हॉकिंग याने कृष्णविवरातून उष्णता बाहेर पडते हे दाखवून त्या म्हणण्यास निश्चित आकडा दिला. पण त्यातूनच एक पेच उभा राहिला. कृष्णविवर असे झिजत झिजत संपले, तर त्यात पडलेल्या वस्तूंची ओळख जाते कोठे? ती कायमची नष्ट होते, असे हॉकिंगचे १९७६ चे मत होते. ते खरे असेल तर पुंजभौतिकीचा पायाच उखडतो. कारण वर्तमानावरून भूतकाळ तत्त्वतः परत काढता येतो, हे त्या शास्त्राचे मूळ गृहीतक आहे.

१९९३ साली गेरार्ड 'ट हूफ्ट याने आणि त्यापाठोपाठ लिओनार्ड ससकिंड याने असा विचार पुढे केला की, कोणत्याही प्रदेशातील सगळा वृत्तांत त्याच्या सीमेवर लिहिलेला असतो. चपट्या पत्र्यात खोली दाखविणाऱ्या होलोग्रामवरून या तत्त्वाला नाव पडले. १९९७ साली हुआन माल्दासेना याने त्यास नेमके रूप दिले. ऋण वक्रता असलेल्या, प्रति-द-सिटर नावाच्या अवकाशातील गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या सीमेवरील गुरुत्वविरहित पुंजसिद्धान्त ही एकाच गोष्टीची दोन कथने होत, असे त्याचे अनुमान आहे. सीमाभागातील माणसाला हे समजणे कठीण जाऊ नये. एकच व्यवहार मराठीत व कन्नडात नोंदला, तर दोन्ही दस्त पूर्ण असतात. कोणताही एक दुसऱ्याची पुरवणी नसतो. सीमेवरील दस्तात काहीच नष्ट होत नाही, म्हणून आतही होत नसावे. हॉकिंगने २००४ साली आपले मत बदलले.

येथे 'सुपरग्रॅव्हिटी'चा संबंध येतो. 'अतिगुरुत्व' हा प्रतिशब्द मला फसवा वाटतो. त्यात गुरुत्व अधिक असते असे नव्हे. आइनस्टाइनच्या सिद्धान्तास अतिसममितीची, म्हणजे बलवाहक कण व द्रव्यकण यांना जोडणाऱ्या सममितीची, जोड दिली म्हणजे तो तयार होतो. फ्रीडमन, फेरारा व व्हान न्यूवेनहाउझेन यांनी तो १९७६ साली रचला. सीमेवरील सिद्धान्त अतिशय गुंतागुंतीचा होतो, तेव्हा आतील गणित बहुधा या सुपरग्रॅव्हिटीवर भागते.

परंतु दोन्ही दस्त शेवटच्या अंकापर्यंत जुळतात काय? या प्रश्नावर गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर यांचे काम आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी अनेक वर्षे घालविली व २०१९ साली त्रिएस्ते येथील अब्दुस सलाम आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालकपद स्वीकारले. स्ट्रॉमिंजर व वाफा यांनी १९९६ साली एका जातीच्या मोठ्या कृष्णविवरांच्या आंतररचना मोजून क्षेत्रफळाचा नियम पडताळला होता. दाभोलकर, झुआंव गोमिस व समीर मूर्ती यांनी २०१० नंतरच्या निबंधांत लहान कृष्णविवरे घेतली. मोठ्या आकड्यात चूक लपते, लहानात लपत नाही.

एक उदाहरण देतो. सर्वाधिक अतिसममिती असलेल्या सिद्धान्तात कृष्णविवराच्या विद्युत् व चुंबकीय भारांपासून एक पूर्णांक बनतो. तो ७ असेल, तर सूक्ष्म मोजणीने रचनांची संख्या ३९ येते. केवळ क्षेत्रफळावरून अंदाज केला तर सुमारे ४०७२ येते. म्हणजे शंभरपटीहून अधिक चूक. या तिघांनी क्षितिजालगतच्या अवकाशात सुपरग्रॅव्हिटीचे पुंजीय संकलन केले, तेव्हा त्यातील प्रमुख पदाची किंमत आली ३८.९८६. पूर्णांक ८ असता मोजणी ५६ आणि गणित ५५.७२१. उरलेला अपूर्णांक त्याच संकलनातील आणखी सूक्ष्म पदांचा असतो, आणि २०१४ साली त्यांनी ती पदेही हाताळली. अखंड अवकाशाचे शास्त्र मोजदादीच्या पूर्णांकापर्यंत पोचते, ही मला या साऱ्या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. दाभोलकर व मूर्ती यांनी डॉन झागिये याच्यासह २०१२ साली याच मोजणीच्या एका भागात रामानुजनने १९२० च्या पत्रात कळविलेल्या 'मॉक थीटा' फलांचे आप्त शोधून काढले.

यात अडचणीही आहेत. आपले विश्व प्रसरण पावत आहे व त्या प्रसरणाचा वेग वाढत आहे. ते प्रति-द-सिटर जातीचे नाही. जिनिव्हाजवळच्या मोठ्या त्वरकात अतिसममितीचा एकही जोडीदार कण सापडलेला नाही. माल्दासेनाच्या अनुमानाची सर्वसाधारण सिद्धताही कोणी दिलेली नाही. ३९ ही गणती आज तरी कागदावरच्या कृष्णविवराची आहे. आकाशातल्या कृष्णविवरांना अशी अतिसममिती नसते व त्यांची गणती अद्याप कोणास करता आलेली नाही.