गुण सारखे, मग वर कोण?

कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरचा केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, फुटबॉल साखळी हंगाम अर्ध्यावर आला की पेठांत एकच विषय असतो. सकाळी वर्तमानपत्रातला गुणतक्ता पाहायचा आणि दिवसभर त्यावर भांडायचं. पाटाकडील तालमीचा संघ वर का? खंडोबा तालमीचा खाली का? आमच्या गटात सगळे तगडे, तुमच्या गटात निम्मे लिंबूटिंबू! हे भांडण मला फार प्रिय आहे. पण ते नीट भांडायचं तर तक्ता कसा तयार होतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

जिंकल्याला तीन गुण, बरोबरीला एक, हरल्याला शून्य, इतकं सगळ्यांना पाठ असतं. अडचण पुढे येते. सोळा संघांनी एकमेकांशी एकेकदाच खेळायचं म्हटलं तरी 120 सामने होतात. मैदान एक आणि परीक्षा, पाऊस, सण यांच्यामधून उरलेले दिवस मोजके. आठ-आठांचे दोन गट पाडले की तेच काम 56 सामन्यांत भागतं. मात्र त्याच क्षणी दोन गटांतल्या संघांची तुलना अवघड होते. एका गटातले 16 गुण आणि दुसऱ्या गटातले 16 गुण दिसायला सारखेच, पण ते कोणाविरुद्ध मिळवले हे तक्ता सांगत नाही.

एकाच गटातही हा प्रश्न सुटत नाही. मी वहीत मांडलेलं एक काल्पनिक उदाहरण बघा. आठ संघ, प्रत्येकाचे सात सामने. मंगळवार पेठेचा संघ पाच जिंकला, एक बरोबरी, एक हार: 16 गुण. शिवाजी पेठेच्या संघाचंही अगदी तसंच: 16. मंगळवारचा गोलफरक 12, शिवाजीचा 7. म्हणजे मंगळवार वर. पण त्या बारांतले सात गोल तळाच्या संघाला 7-0 हरवताना आलेले. शिवाजी पेठ त्याच तळाच्या संघाकडून 0-1 हरलेली. हा एक संघ बाजूला काढला, तर मंगळवारचा फरक 5 उरतो आणि शिवाजीचा 8 होतो. शिवाय दोघांच्या आपसातल्या सामन्यात शिवाजी जिंकलेली.

आता बुद्धिबळवाल्यांकडची एक युक्ती लावू. ते तिला सॉनेबॉर्न-बर्गर म्हणतात. ज्याला हरवलं त्याचे पूर्ण गुण आपल्या खात्यात धरायचे, ज्याच्याशी बरोबरी झाली त्याचे निम्मे, ज्याच्याकडून हरलो त्याचे काहीच नाही. बाकी सहा संघांचे गुण 11, 10, 10, 7, 5, 3 आहेत. मंगळवारनं 11, 10, 7, 5 आणि 3 वाल्यांना हरवलं आणि एका 10 वाल्याशी बरोबरी केली: 36 अधिक 5, म्हणजे 41. शिवाजीनं 16 (खुद्द मंगळवार), 11, 10, 10 आणि 7 वाल्यांना हरवलं आणि 5 वाल्याशी बरोबरी केली: 54 अधिक अडीच, म्हणजे साडेछप्पन्न. तक्त्यात खाली असलेला संघ इथे कितीतरी पुढे निघाला.

‘तळाच्या संघाकडून हरलेल्याला वर कसं ठेवायचं?’ असं मंगळवार पेठ विचारणार, आणि तो प्रश्न खोटा नाही. जगातही यावर एकमत नाही. इंग्लंडची प्रीमियर लीग आधी गोलफरक बघते. 2012 साली मँचेस्टर सिटी आणि युनायटेड दोघांचे 89 गुण असताना सिटी त्यावरच विजेती ठरली. स्पेनची ला लीगा आधी आपसातले निकाल बघते. मला स्पेनची रीत जास्त न्याय्य वाटते. दुबळ्या संघावर गोलांचा पाऊस पाडण्यापेक्षा तुल्यबळ संघाला हरवणं कठीण असतं.

वेगवेगळ्या गटांतल्या संघांच्या तुलनेची अडचण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कितीतरी मोठी आहे. त्यांचं फुटबॉल हातात चेंडू धरून पळण्याचं, पण वाद आपल्यासारखाच. सर्वोच्च स्तरावर सव्वाशेच्या वर कॉलेजं, प्रत्येकाचे नियमित सामने साधारण बारा, तेही बरेचसे आपापल्या गटातल्या संघांशीच. त्या गटाला ते कॉन्फरन्स म्हणतात. एसईसी आणि बिग टेन हे सर्वांत दणकट मानले जाणारे गट. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत, म्हणून 13 जणांची समिती क्रमवारी लावते. 2023 साली फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा सामने जिंकून एसीसी गटाची विजेती झाली, तरी विजेतेपदासाठी खेळणाऱ्या अंतिम चौघांतून वगळली गेली. तिचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू, जखमी होता. चौथी जागा एक सामना हरलेल्या, पण एसईसी जिंकलेल्या अलाबामाला मिळाली. पुढच्याच वर्षी, आधीच ठरल्याप्रमाणे, चारांच्या बारा जागा झाल्या. वाद मात्र चौथ्या जागेवरून बाराव्या जागेवर सरकला.

कोल्हापूरचं नशीब असं, की साखळीनंतर इथे बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा होतात. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस अशी नावं तिथे पुन्हा समोरासमोर येतात. म्हणून माझ्या वहीत गुण, गोलफरक आणि साडेछप्पन्नसारख्या आकड्यांच्या शेजारी चौथा रकाना असतो तो चषकांचा. निकाल ‘टायब्रेकर’वर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पेनल्टींवर, लागला असेल तर तो मी बरोबरी म्हणूनच लिहितो. पाच किकांवरून पेठेची ताकद मोजू नये असं माझं मत आहे, आणि शिवाजी पेठेतले माझे मित्र ते अजून मान्य करत नाहीत.